पिंछी: गळलेल्या पिसांची कुळकथा

दिगंबर मुनीजवळ वस्त्र नसते, भांडे नसते, अंथरूण नसते. आहार तो दिवसातून एकदाच, उभ्याने आणि ओंजळीत घेतो. तरीही विहाराला निघालेल्या मुनीच्या एका हातात कमंडलू असतो आणि दुसऱ्या हातात मोरपिसांची पिंछी. शास्त्रकार यांना परिग्रहात धरत नाहीत. ही उपकरणे: पोथी ज्ञानाचे, कमंडलू शौचाचे, पिंछी संयमाचे.

नाव भारदस्त, काम मात्र साधे. बसण्याआधी जागा, उघडण्याआधी पोथी, कूस बदलण्याआधी अंग पिंछीने हलकेच झाडून घ्यायचे, म्हणजे तिथला बारीक जीव चिरडला जात नाही. महाव्रतांच्या रक्षणासाठी सांगितलेल्या पाच समित्यांपैकी ‘आदान-निक्षेपण’ म्हणजे वस्तू उचलण्या-ठेवण्यातली सावधगिरी. ती पाळायची तर हाताशी काहीतरी हवेच. प्रायश्चित्ताच्या ग्रंथांनी तर पिंछीशिवाय सात पावले चालल्यास कायोत्सर्ग, म्हणजे देहाची ममता सोडून निश्चल राहण्याचे प्रायश्चित्त, सांगितला आहे.

पण मोराचेच पीस का? वट्टकेरांच्या ‘मूलाचार’ या मुनींच्या आचारावरच्या ग्रंथात याचे उत्तर एखाद्या चोखंदळ गिऱ्हाइकाच्या थाटात येते. ते धूळ धरत नाही, घाम शोषत नाही, मृदू असते, सुकुमार असते आणि हलके असते. शेवटी कसोटी अशी की, डोळ्यात फिरवले तरी पीडा होत नाही! अहिंसेचे तत्त्व इथे थेट साहित्याच्या निवडीपर्यंत उतरते. मोर पावसाळा सरता सरता पिसारा आपोआप गाळतो, त्यामुळे पीस मिळवण्यासाठी त्याला धक्का लावावा लागत नाही.

असा कुंचला जवळ ठेवण्याची चाल एकट्या दिगंबरांची नाही. श्वेतांबर साधूंकडे लोकरीचा रजोहरण असतो, गुजरातीत ‘ओघो’. मथुरेच्या कंकाली टेकडीवर सापडलेल्या कुषाणकालीन शिल्पांत हातावर वस्त्राचा तुकडा टाकलेले साधू दिसतात आणि त्यांच्यापैकी काहींच्या हातात असाच झुबका आहे. वस्त्रावरून दोन्ही पंथांची वाट वेगळी झाली, झाडून घेण्याची गरज मात्र दोघांनीही सोडली नाही.

दिगंबरांतही या झुबक्यावरून संघ ओळखले गेले. देवसेनांनी विक्रम संवत 990 मध्ये, म्हणजे इ. स. 933 च्या सुमारास, ‘दर्शनसार’ रचले आणि त्यात आपल्याला न पटणाऱ्या संघांची झाडाझडती घेतली. काष्ठासंघ गायीच्या शेपटीच्या केसांची पिंछी वापरी, म्हणून तो गोपुच्छिक. मथुरेच्या रामसेनांनी पिंछीच नको म्हटले, म्हणून त्यांचा संघ निष्पिच्छिक. देवसेन विरोधी पक्षातले, तेव्हा त्यांचा शब्द जरा जपूनच घ्यावा. पण भांडण खरे होते, हे या नावांवरून दिसते. काष्ठासंघाचा उगम त्यांनी नंदितट गावी सांगितला आहे आणि नंदितट म्हणजे आपले नांदेड, असे अभ्यासक मानतात. वऱ्हाडातल्या कारंज्यात काष्ठासंघाचे मंदिर आजही सेनगण आणि बलात्कारगण या दिगंबरांच्याच दुसऱ्या शाखांच्या मंदिरांसोबत नांदते आहे.

गिधाडाच्या पिसांचीही एक कथा आहे. आकाशमार्गाने जाताना एका आचार्यांची मोरपिंछी पडली, त्यांनी गिधाडाची पिसे घेतली आणि ते ‘गृध्रपिच्छ’ झाले. कोणी ही कथा कुंदकुंदांना लावतात, कोणी ‘तत्त्वार्थसूत्र’ लिहिणाऱ्या उमास्वामींना.

पुढच्या शतकांत नग्न मुनी विरळ झाले आणि मठांतले वस्त्रधारी भट्टारक पिंछी बाळगत राहिले. मुनिपरंपरेला पुन्हा जोर आला तो विसाव्या शतकात, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजच्या शांतिसागरांमुळे. सांगलीजवळच्या समडोळीत 1924 मध्ये ते आचार्य झाले, पुढे उत्तरेपर्यंत पायी फिरले. 1955 मध्ये मराठवाड्यातल्या कुंथलगिरीवर त्यांनी 36 दिवसांची सल्लेखना, म्हणजे व्रत म्हणून आहार सोडून देहत्याग, केली. त्याआधी आचार्यपद जयपूरला असलेल्या शिष्य वीरसागरांकडे सोपवले, तेव्हा पदासोबत पिंछी-कमंडलूही तिकडे रवाना झाले.

मोर 1963 मध्ये राष्ट्रीय पक्षी झाला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला कडक संरक्षण दिले, मात्र आपोआप गळलेल्या पिसांच्या देशांतर्गत व्यवहाराला मोकळीक ठेवली. पीस गळालेले की उपटलेले, हे ओळखायचे ते देठाच्या टोकावरून. या मोकळिकीचा गैरफायदा घेऊन मोर मारले जातात, अशी तक्रार पक्षिप्रेमी करतात आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. मूलाचारकर्त्याला पीस पारखताना बाजाराचा विचार करावा लागला नव्हता.

चातुर्मास संपला की पिंछी-परिवर्तनाचा सोहळा होतो. वर्षभर झिजलेली पिंछी मुनी देऊन टाकतात. ती मागायला गर्दी होते, पण मिळते ती आजन्म ब्रह्मचर्यासारखे एखादे व्रत त्याच वेळी घेणाऱ्या श्रावकाला.