निरोप आणि त्याचे उत्तर

सरकारी कचेरीतून एखादे परिपत्रक निघाले की त्यावर जावक क्रमांक पडतो, आणि तो पडला की पाठविणाऱ्याचे कर्तव्य संपले असे मानण्याचा प्रघात आहे. ते परिपत्रक पुढे कोणी वाचले, वाचून त्याचा काय अर्थ घेतला, आणि त्यामुळे कोणाच्या वागण्यात काही फरक पडला की नाही, यासाठी जावक-वहीत रकाना नसतो. माझ्या नोकरीची बरीच वर्षे अशा वह्यांच्या सहवासात गेली. म्हणूनच संज्ञापनशास्त्राचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा तो मला परका वाटला नाही. कारण या रिकाम्या रकान्याचा शोध हाच त्याचा एक मोठा भाग आहे.

१९४८ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे. हॅरल्ड लासवेल या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने त्या वर्षी संज्ञापनाच्या अभ्यासाला पाच प्रश्नांची चौकट दिली: कोण सांगतो, काय सांगतो, कोणत्या मार्गाने, कोणाला, आणि परिणाम काय होतो? त्याच वर्षी गणितज्ञ क्लॉड शॅनन याचा प्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. निरोपाचा उगम, तो धाडणारे यंत्र, मार्ग, तो घेणारे यंत्र आणि अखेरचे मुक्कामाचे ठिकाण अशी साखळी त्याने मांडली, आणि मार्गात शिरणाऱ्या व्यत्ययाला ‘गोंगाट’ म्हटले. निरोपाच्या अर्थाशी आपल्या गणिताला कर्तव्य नाही, हे त्याने आरंभीच सांगून टाकले होते. तारायंत्राच्या आणि दूरध्वनीच्या अभियंत्याला ही मर्यादा शोभून दिसते. माणसांना ती पुरत नाही. १९४९ मध्ये वॉरन वीव्हर याने म्हणूनच तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. चिन्हे बिनचूक पोचली का, ही पहिली. अभिप्रेत अर्थ पोचला का, ही दुसरी. आणि त्यामुळे इष्ट परिणाम घडला का, ही तिसरी. आमची जावक-वही पहिल्या पायरीच्याही अलीकडेच थांबते!

मग अर्थ पोचला हे कळावे कसे? विल्बर श्रॅम याने १९५४ मध्ये सांगितले की बोलणारा आणि ऐकणारा यांची अनुभवक्षेत्रे जेथे एकमेकांत मिसळतात, तेवढाच निरोप सफल होतो. परंतु ती कोठे मिसळतात हे बोलणाऱ्याला आधी ठाऊक नसते. ऐकणाऱ्याचे उत्तर परत आले म्हणजेच ते कळते. या परतीच्या प्रवाहाला ‘प्रत्याभरण’ असे नाव आहे.

या विचाराची कसोटी पाहणारा एक प्रयोग आपल्याच देशात, पुणे आकाशवाणी केंद्रावर, १९५६ साली झाला. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोतामंडळे चालू होती. त्या नमुन्यावर युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत मंडळे स्थापन झाली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेती, आरोग्य आणि ग्रामजीवन या विषयांवर वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत, आणि मंडळाचा संयोजक त्या चर्चेचा वृत्तांत व प्रश्न केंद्राकडे धाडी. त्यांची उत्तरे पुढे नभोवाणीवरूनच मिळत.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले. मंडळे असलेली गावे, नभोवाणी संच असून मंडळ नसलेली गावे आणि संचच नसलेली गावे यांची त्यात तुलना होती. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची लक्षणीय वाढ आढळली. नुसता संच असलेल्या गावांत तितकी आढळली नाही. आवाज दोन्हीकडे तोच पोचत होता. फरक होता तो चारचौघांत बसून त्यावर बोलण्याचा, आणि आपण विचारले तर कोणी उत्तर देईल या भरवशाचा.

१९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्याचे काम सुरू झाले. काळाच्या ओघात ती मंडळे मागे पडली. मंडळांची संख्या वाढविणे हे आदेशाने साधते. आलेल्या प्रत्येक पत्राला कोणी तरी मनापासून उत्तर देणे हे आदेशाने साधत नाही, हे शासनयंत्रणेतला माणूस म्हणून मी अनुभवाने सांगू शकतो.

आज निरोप निमिषात पोचतो, आणि तो पोचल्याची खूणही लगेच हातातल्या फोनवर उमटते. ती खूण पाहिली की मला आमचा जावक क्रमांक आठवतो. खेड्यातला एखादा संयोजक कंदिलाच्या उजेडात केंद्राला पत्र लिहीत बसला असेल, तेव्हा त्याच्यापाशी अशी खूण नव्हती. पण संज्ञापन पुरे होते ते त्याच्या त्या पत्राने, आणि त्या पत्राला मिळालेल्या उत्तराने.