इंजिनाचं दुखणं ओळखणाऱ्या बाया

गटाच्या बैठकीत आपण कर्जावर बोलतो, व्याजावर बोलतो, शेळ्या आणि शिलाई मशीनवर बोलतो. आज इंजिनावर बोलू या. आपल्या बीड जिल्ह्याचं इंजिनाशिवाय पान हलत नाही. परळीला रेल्वे फार पूर्वीपासून आहे, पण बीड शहरात गाडीची शिटी वाजायला 2025 साल उजाडलं. तोवर शहरात येणारा माल, माणूस, दवाखान्यात न्यायची बाळंतीण, सगळं रस्त्यानंच आलं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी जोडपीही लेकराबाळांसह ट्रकमधून, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतूनच जातात.

ही गाडी रात्री माळावर बंद पडली की मिस्त्री येईपर्यंत थंडीत लेकरं कुशीत घेऊन बसतं कोण? आपणच. पण ती का बंद पडली, हे ओळखायला आपल्याला कुणी शिकवलं का? पुरुष म्हणतात, ‘बायांचं काम नाही ते.’ हे खरं आहे का, ते आज इतिहासालाच विचारून बघू.

मोटारगाडीनं पहिला लांबचा प्रवास केला तो 1888 साली, जर्मनीत. गाडी बनवली होती कार्ल बेंझ यांनी, पण घेऊन गेली त्यांची बायको, बर्था बेंझ. नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना सोबत घेऊन ती मानहाइम गावाहून आपल्या माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. अंतर साधारण 100 किलोमीटर. वाटेत पेट्रोल पंप नव्हता, गॅरेज नव्हतं. इंधन संपत आलं, तेव्हा तिनं औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रव विकत घेतलं आणि टाकीत ओतलं. इंधनाची नळी चोंदली, तर टोपीला लावायची लांब पिन काढून नळी मोकळी केली. ठिणगीच्या तारेचं आवरण झिजलं, तर मोज्याला बांधायचा पट्टा तारेवर गुंडाळला. लाकडी ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं.

मैत्रिणींनो, ती पिन ऐकून काही आठवलं का? रॉकेलचा स्टोव्ह भडकायला लागला की आपल्या आया नोझलमध्ये पिन मारायच्या. युक्ती तीच. बर्थाला कुणी इंजिनिअर म्हणत नव्हतं. पण गाडी थांबल्यावर ‘आता काय कमी पडलं असेल?’ हा प्रश्न तिनं विचारला आणि उत्तर शोधलं. चढावर गाडी ओढत नव्हती, मुलांना ढकलावी लागत होती. हे तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि त्यांनी गाडीला चढासाठी आणखी एक गिअर बसवला. म्हणजे गाडीतली खोट ओळखण्याच्या विद्येची सुरुवातच एका बाईपासून होते.

पुढे 1909 साली अमेरिकेत ॲलिस रॅम्से नावाची 22 वर्षांची बाई न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गाडी घेऊन गेली. 59 दिवस लागले. वाटेत टायर बदलणं, स्पार्क प्लग साफ करणं, हे तीच करत होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये हजारो बायांनी लष्कराच्या गाड्या चालवल्या, दुरुस्त केल्या. पुढे राणी झालेल्या एलिझाबेथनंही 1945 साली, वयाच्या 18व्या वर्षी, लष्करात हे शिक्षण घेतलं. पुरुष लढाईवर गेले तेव्हा ‘हे बायांचं काम नाही’ असं कुणी म्हटलं नाही. गरज पडली की दार उघडतं आणि गरज सरली की बंद होतं, हेही इतिहासच सांगतो.

आता आपल्याकडे येऊ. डिझेलचं इंजिन रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 साली जर्मनीत यशस्वीपणे चालवून दाखवलं. महाराष्ट्राच्या शेतात ते पोचवण्यात किर्लोस्करांचा मोठा वाटा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, 1910 साली किर्लोस्करवाडी उभी केली, आणि 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. मोट गेली, विहिरीवर फटफट करत इंजिन आलं. एक गंमत बघा. याच किर्लोस्करवाडीतून 1930 साली ‘स्त्री’ मासिक निघालं. बाईनं वाचावं, विचार करावा, असं सांगणारं मासिक आणि लोखंडाचा कारखाना एकाच गावात होता. तरी विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल मात्र घरच्या पुरुषाच्याच हातात राहिलं.

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथं 1932 साली निजामाच्या रेल्वेनं 27 मोटारींनिशी सरकारी बससेवा सुरू केली. पुढे 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपल्या वाटेवर एसटी धावू लागली. गाड्या वाढल्या, तसे मिस्त्रीही वाढले. ते शिकले कुठे? बहुतेक जण शाळेत नाही, झाडाखालच्या गॅरेजात. उस्तादाच्या हाताखाली पोरगा राहायचा. आधी चहा आणायचा, मग पाने पुसायचा, मग ‘बारा-तेराचा पाना दे’ म्हटलं की बरोबर तोच द्यायचा. आवाज ऐकून, वास घेऊन, हात लावून दहा वर्षांत तो स्वतः उस्ताद व्हायचा. या शाळेला फी नव्हती, परीक्षा नव्हती. पण तिथं मुलीला बसायला जागा नव्हती. विद्या अवघड होती म्हणून आपण मागे राहिलो नाही. ती जिथं मिळत होती, तिथं आपल्याला जाता येत नव्हतं.

1972च्या दुष्काळात आपल्याच आया-सासवांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, डोक्यावर पाट्या वाहिल्या. त्यातून रस्ते झाले. त्यांच्या हातच्या रस्त्यांवर पुढे ट्रक, जीप, ट्रॅक्टर धावले. त्याच 1972 साली लुना आली आणि शहरातल्या बाया हळूहळू गाडीवर दिसू लागल्या. 1988 साली आपल्या शेजारच्या परभणीच्या शीला डावरे पुण्यात रिक्षा चालवू लागल्या. देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून त्यांची नोंद झाली. 2023 साली बाईच्या हातात एसटीचं स्टिअरिंगही आलं. रस्ता आपण केला, गाडी आपण चालवली. आता राहिलं आहे ते बॉनेट उघडणं.

त्यात असतं तरी काय? इंजिनाचं आपल्या चुलीसारखंच आहे. चुलीला सरपण लागतं, हवा लागते आणि काडी लागते. इंजिनाला इंधन, हवा आणि दाब लागतो. पेट्रोलच्या इंजिनात काडीचं काम स्पार्क प्लगची ठिणगी करते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटतं. इंजिन चालू होत नसेल तर यातलं एक काहीतरी कमी पडलेलं असतं. कोणतं, ते शोधणं म्हणजेच दुखणं ओळखणं.

चावी फिरवल्यावर नुसतं कट-कट वाजलं आणि दिवे मंद झाले, तर आधी बॅटरी आणि तिच्या तारांची टोकं बघायची. इंजिन जोरात फिरतं पण पेट घेत नाही, तर डिझेल संपलं का, फिल्टर चोंदला का, नळीनं हवा धरली का, हे बघायचं. सतत काळा धूर म्हणजे चुलीत सरपण जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर आधी बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जाळतंय. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा निघतोच. पण तो थांबेना आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर दुखणं आतलं आहे, मिस्त्रीला बोलवा. ऑईलचा लाल दिवा लागला की ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणू नका, इंजिन तिथंच बंद करा. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी अंगावर येतं.

यात ताकद कुठं लागली? डोळे, कान, नाक आणि थोडा धीर लागला. तो आपल्याकडे आहे. भाकरी करपायच्या आधी आपल्याला वास येतो, गाभण शेळीची चाल बदललेली आपल्यालाच आधी कळते.

काळही बदलतोय. एप्रिल 2020 पासून देशात बीएस-सहा गाड्या आल्या. या गाड्यांमध्ये छोटा संगणक असतो, काही बिघडलं की इंजिनाचा दिवा लागतो आणि स्कॅनर जोडला की त्यावर कोड येतो. तो कोड म्हणजे तापाचा आकडा समजा. ताप 102 आहे एवढं कळतं. तो कशानं आला, हे माणसालाच शोधावं लागतं. हे नवं काम जुन्या उस्तादांनाही नव्यानं शिकावं लागलं. म्हणून आपल्या मुलींना हीच वेळ चांगली आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, आणि मुलींसाठी जागा राखीव असतात. दहावी झालेल्या पोरीला शिवणकाम नको असेल, तर हेही दार आहे, हे तिला सांगा.

सगळ्याच बाया मिस्त्री होणार नाहीत, आणि व्हायलाही नकोत. पण ज्या बाईला दुखणं ओळखता येतं, तिला मिस्त्री ‘इंजिन खोलावं लागेल’ असं उगाच सांगू शकत नाही. तिच्या गटाच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन फिल्टरपायी चार दिवस बंद राहत नाही. रात्री माळावर गाडी थांबली, तर फोनवर ती ‘गाडी बंद पडली’ एवढंच सांगत नाही. ‘इंजिन फिरतंय, पण डिझेल येत नाही’ असं सांगते, आणि मिस्त्री योग्य सामान घेऊन निघतो.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करा. गावातलं एखादं ट्रॅक्टर किंवा जीप उभी करा, बॉनेट उघडा आणि गावच्या मिस्त्रीला म्हणा, ‘दादा, बॅटरी कुठली, एअर फिल्टर कुठला, डिझेलचा फिल्टर कुठला, ऑईलची पट्टी कुठली, दाखवा.’ चार वस्तू बघा, आपल्या हातानं हात लावा आणि वहीत लिहून ठेवा. सोबत शाळेतल्या मुलींनाही आणा. झाडाखालच्या त्या शाळेत त्यांना आजवर जागा नव्हती. ती आता आपण करून देऊ.