मीटर कोणाचा? मुंबईच्या टॅक्सीभाड्याची शतकभराची कथा

१/ ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. तिला ॲपने संपवले, असे सहज बोलले जाते. वस्तुतः तिला हटवले ते टॅक्सींसाठीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेने. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २००३ मधील होती. ॲपचा घाव बसला तो गाडीवर नव्हे, मीटरवर. हा धागा त्या मीटरविषयी.

२/ ‘टॅक्सी’ हे नावच मुळात मीटरचे आहे. १८९१ मध्ये जर्मन संशोधक विल्हेल्म ब्रून यांनी प्रवासाचे अंतर व वेळ मोजून भाडे दाखवणारे यंत्र सिद्ध केले. त्याच्या ‘टॅक्सीमीटर’ या नावावरून ते बसवलेल्या मोटारीला टॅक्सी म्हणू लागले. म्हणजे भाडे मोजून दाखवते, ती टॅक्सी.

३/ त्यापूर्वी मुंबईत भाड्याची वाहने होती ती घोड्यांची. व्हिक्टोरियांचे परवाने व नियमन यांसाठी कायदे होते, तरी गाडीत बसण्याआधीची घासाघीस चुकत नसे. १९११ च्या सुमारास शहरात मोटार टॅक्सी आली. व्हिक्टोरिया मात्र तिच्या शेजारून शतकभर धावत राहिली. तिच्यावर बंदीचा आदेश उच्च न्यायालयाने दिला तो थेट जून २०१५ मध्ये.

४/ जुना यांत्रिक मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला असे. चालक हात बाहेर काढून तो ‘डाऊन’ करी. दरवाढ झाली तरी मीटरमधील चक्रे बदलत नसत. मीटरवरचा आकडा टॅरिफ कार्डात शोधून खरे भाडे काढावे लागे. पद्धत किचकट होती; पण आकडा व कार्ड दोन्ही उतारू आणि चालक यांच्यासमोर असत. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि कार्डाची गरज संपली.

५/ हा दर ठरवी शासन. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ६७ भाड्याबाबतचा अधिकार राज्य शासनाला देते. २०१२ मध्ये हकीम समितीने इंधन, गाडीची किंमत, देखभाल व महागाई यांवर आधारलेले सूत्र सुचवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये झाले. चालक संघटना दरासाठी भांडतात, ग्राहक संघटना हरकती घेतात. सारा वाद चारचौघांत होतो.

६/ ही व्यवस्था निर्दोष नव्हती. १९९७ मध्ये नवे परवाने देणे थांबले व ती बंदी सुमारे दोन दशके टिकली. परवाना दुर्मीळ झाला. ज्याच्याकडे तो नाही, त्याने दुसऱ्याची गाडी पाळीने भाड्याने चालवायची. उताऱ्याच्या वाट्याला ‘फास्ट’ मीटर आणि जवळचे भाडे नाकारणे आले. नकार कायद्याने दंडनीय होता. भर पावसात तक्रार कोण नोंदवणार?

७/ या असंतोषातच नव्या सेवा रुजल्या. २००७ मध्ये आलेल्या ‘मेरू’च्या गाड्या फोनवर मागवता येत, त्यांत मीटर होता व दर शासनाचा होता. ‘ओला’ २०१० मध्ये, तर ‘उबर’ २०१३ मध्ये भारतात सुरू झाली. त्यांच्या बहुतेक गाड्या पर्यटक परवान्यावर धावत आणि अशा गाडीला मीटर लागत नसे. टॅक्सी संघटनांचा मूळ आक्षेप हाच होता: काम शहरातल्या टॅक्सीचे, नियम मात्र पर्यटक गाडीचे.

८/ उताऱ्याचा लाभ खरा होता. गाडी दारात, भाडे आधीच ठाऊक, चालकाचे नाव व गाडीचा क्रमांक हातात. परंतु मागणी वाढताच दर वाढू लागला, आणि तो कसा ठरला हे सांगणारे कार्ड कोणाकडेच नव्हते. उताऱ्याने किती दिले व चालकाला किती मिळाले, हे दोन वेगळे आकडे झाले. दोन्ही जाणणारा पक्ष एकच: कंपनी.

९/ त्याची झळ प्रथम बसली चालकांना. आरंभीच्या प्रोत्साहनपर रकमा पाहून अनेकांनी कर्जावर गाड्या घेतल्या. पुढे त्या रकमा आटल्या, इंधन महागले, हप्ते मात्र तेवढेच राहिले. २२ ऑक्टोबर २०१८ पासून मुंबईतील ॲपचालकांनी संप केला. जुलै २०२५ मध्ये ते पुन्हा आझाद मैदानावर होते. मागणी कोणती? काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतका दर.

१०/ कायदा मागाहून आला. २०१७ मध्ये राज्याने सिटी टॅक्सी नियम काढले. २०१९ च्या दुरुस्तीने ‘ॲग्रिगेटर’ ही संज्ञा मोटार वाहन कायद्यात आली. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मूळ भाड्याच्या दीडपट ही कमाल मर्यादा घातली व भाड्यातील किमान ८० टक्के चालकाला देण्यास सांगितले. जुलै २०२५ मध्ये ती मर्यादा दुप्पट झाली. परवाना न घेताच चाललेल्या कंपन्यांना तो मागण्याचा आदेश उच्च न्यायालयाला मार्च २०२२ मध्ये द्यावा लागला.

११/ म्हणून ‘जुनी टॅक्सी विरुद्ध नवे ॲप’ ही मांडणी अपुरी ठरते. काळ्या-पिवळ्याचा दर जाहीर होता, सेवा बेभरवशाची होती. ॲपची सेवा सुलभ झाली, दर बंद खोलीत गेला. ज्या चालकांना मीटरमुक्त व्यवसायाचे आमिष दाखवले गेले, तेच आज सरकारी दर मागत आहेत. दर कोण ठरवणार आणि तो कोणाला तपासता येणार, हा टॅरिफ कार्डाच्या काळातला प्रश्न अजूनही सुटलेला नाही.