मराठवाड्याचा अभिमान आणि एका विद्यापीठाचे नाव

१/ दरवर्षी १७ सप्टेंबरला जालन्यासह साऱ्या मराठवाड्यात ध्वजवंदन होते. निजामी राजवटीतून मुक्त झाल्याचा हा दिवस. पण या अभिमानात कोणाकोणाला स्थान होते? या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर १९७८ मध्ये मिळाले. #थ्रेड

२/ हैदराबाद संस्थानाचे विद्यापीठ म्हणजे १९१८ चे उस्मानिया. तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी मुलखाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते मुक्तीनंतर दहा वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, औरंगाबादला. ‘मराठवाडा विद्यापीठ’ या नावातच प्रदेशाची अस्मिता होती.

३/ मात्र त्याच्याही आठ वर्षे आधी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले होते. तेच मिलिंद महाविद्यालय. उच्च शिक्षणाची दारे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बंद होती, त्यांची मुले येथे शिकली.

४/ २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यातील अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे पेटवली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली.

५/ विरोधकांत गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे मुक्तिसंग्रामाचे अग्रणीही होते. ‘मराठवाडा’ हा शब्द लढून मिळवला आहे, तो पुसला जाऊ नये, ही त्यांची भूमिका. ती आणि वस्त्या जाळणे एकच नव्हे. तरीही याच मातीत राबणाऱ्या दलित कुटुंबाच्या कानी एवढेच पोहोचले, की मराठवाड्याचा मान आणि बाबासाहेबांचे नाव एकत्र नांदू शकत नाहीत.

६/ ठराव झाला, पण अंमलबजावणी साडेपंधरा वर्षे रखडली. १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. आंदोलने, तुरुंगवास, बलिदाने होत राहिली.

७/ अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव जाहीर झाले. मूळ शब्द गेला नाही, त्याच्याआधी नवे नाव जोडले गेले. म्हणून याला ‘नामविस्तार’ म्हणतात. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला दुसरे विद्यापीठ स्थापन झाले: स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. मुक्तिसंग्रामाच्या नेत्यालाही मान मिळाला.

८/ हा पेच आपलाच नाही. नॉर्वेचा १७ मेचा संविधान दिन मोठ्या अभिमानाने साजरा होतो. पण उत्तरेकडील सामी लोकांची भाषा त्याच राष्ट्राने शाळांतून दीर्घकाळ दडपली होती. १९८९ मध्ये तेथे सामी संसद सुरू झाली, १९९३ मध्ये स्वीडनमध्येही. १९९७ मध्ये नॉर्वेचे राजे हाराल्ड यांनी सामी संसदेत झाल्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. राष्ट्राभिमान त्याने उणावला नाही.

९/ जालना जिल्ह्यातील महाविद्यालये आजही याच विद्यापीठाला संलग्न आहेत. येथील पदवीच्या कागदावर ‘आंबेडकर’ आणि ‘मराठवाडा’ हे शब्द एका ओळीत येतात. ज्यांना ते एकत्र येणे अशक्य वाटले, त्यांच्या नातवंडांच्याही पदवीवर तीच ओळ आहे.

१०/ तुमच्या गावातील वडीलधाऱ्यांना १७ सप्टेंबरच्या आठवणी विचाराच. त्यांना १९७८ चा तो पावसाळाही विचारा. मराठवाड्याचा इतिहास या दोन्ही आठवणींनी मिळून पुरा होतो.