कुळ विकराचे, कार्य निराळे



विकर, म्हणजेच एन्झाइम, हे प्रथिन त्याच्या क्रियेवरून ओळखावे, अशी जीवरसायनशास्त्राची जुनी रीत आहे. विकरांची नावेदेखील बहुधा कामावरूनच पडली. परंतु प्रथिनांतील अमिनो आम्लांचा क्रम वाचण्याची विद्या हाती आली, तेव्हा असे दिसू लागले की, विकरांच्या कुळातील काही प्रथिने कुळाचा व्यवसाय मुळीच करीत नाहीत. त्यांच्यासाठी 'छद्मविकर' हा शब्द सुचतो खरा, पण मला तो रुचत नाही. छद्म म्हणजे कपट, आणि या प्रथिनांनी कोणालाही फसविलेले नाही. त्यांच्यापैकी एकाचा इतिहास आज विस्ताराने सांगतो. तो आपल्या सर्वांच्या पहिल्या अन्नाशी, दुधाशी निगडित आहे.

आरंभ मात्र सर्दीपासून करावा लागतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दीच्या रुग्णाच्या नाकातील स्रावात जंतूंची भित्तिका विरघळविणारा पदार्थ आढळला आणि १९२२ साली त्यांनी तो जाहीर केला. हेच लायसोझाइम. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात ते विपुल असते. १९६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची त्रिमितीय रचना उलगडली. विकरांपैकी अशी रचना प्रथम कळली ती याची. त्यातील एका खाचेत ३५ व्या स्थानी ग्लुटामिक आम्ल व ५२ व्या स्थानी अ‍ॅस्पार्टिक आम्ल असते. जंतूंच्या भित्तिकेतील शर्करासाखळी तुटते ती या दोहोंच्या योगाने.

याच सुमारास दुधाच्या निवळीतील एक प्रथिन, अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन, अभ्यासकांपुढे आले. ते अनेक दशके परिचित होते, पण पोषणद्रव्य म्हणूनच. त्याला काही काम असेल, असा प्रश्न फारसा विचारलाच गेला नव्हता. १९६६ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे एब्नर, ब्रॉडबेक व त्यांचे सहकारी दुग्धशर्करा घडविणाऱ्या विकराचे शुद्धीकरण करीत होते. त्यांना त्याचे दोन भाग मिळाले. एकटा कोणताही भाग दुग्धशर्करा घडवीना. एकत्र येताच काम सुरू होई. दुसरा भाग म्हणजे हेच अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन निघाले.

१९६७ साली ड्यूक विद्यापीठातील ब्रू, व्हॅनामन आणि हिल यांनी गाईच्या अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनचा क्रम लायसोझाइमशेजारी मांडून पाहिला. एकात १२३ अमिनो आम्ले, दुसऱ्यात १२९. तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्थाने तंतोतंत जुळली. गंधकाचे चारही बंध त्याच जागी सापडले. भाऊबंदकी निःसंशय होती. तेव्हा एक मोहक तर्क पुढे येणे स्वाभाविक होते: एक भाऊ शर्करेचा बंध तोडतो, तर दुसरा तसलाच बंध जोडीत असावा. तर्क सुंदर होता, पण टिकला नाही. लायसोझाइममधील ३५ व्या स्थानाचे ते कळीचे ग्लुटामिक आम्ल येथे नाहीच. पुढच्याच वर्षी असे सिद्ध झाले की, जोडणीचे सारे काम पहिला भाग, गॅलॅक्टोसिल ट्रान्स्फरेज, करतो. तो विकर शरीरात अन्यत्रही आहे आणि एरवी तो गॅलॅक्टोज ग्लुकोजला जोडत नाही. अ‍ॅसिटिल ग्लुकोसामाइन या वेगळ्याच शर्करेला जोडतो. अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन त्याला बिलगले की, त्याची ग्लुकोजविषयीची ओढ सुमारे हजारपट वाढते आणि दुग्धशर्करा तयार होऊ लागते. स्वतः हात न लावता दुसऱ्याच्या कामाची दिशा बदलणारे हे प्रथिन आहे.

ही दिशा केव्हा बदलायची, तेही ठरलेले असते. गर्भारपणात प्रोजेस्टेरोन हे संप्रेरक अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनच्या निर्मितीस आवर घालते. प्रसूतीच्या वेळी ते ओसरले की आवर सुटतो. दुग्धशर्करा आपल्याबरोबर पाणी ओढून घेते, म्हणून दुधाचे प्रमाण व पातळपणा तिच्यावर अवलंबून असतो. याची परीक्षा १९९४-९५ मध्ये झाली. ज्या उंदरांच्या माद्यांमधून या प्रथिनाचे जनुक काढून टाकले होते, त्यांचे दूध इतके दाट झाले की पिलांना ते ओढून पिता येईना. माता जवळ, स्तनांत दूध, आणि पिले उपाशी! ज्याला पोषणद्रव्याच्या कोष्टकातील एक ओळ समजले जात होते, त्याच्यावाचून स्तनपानच थांबते. निसर्गातही असा दाखला आहे: कॅलिफोर्नियाच्या समुद्रसिंहाच्या घट्ट, स्निग्ध दुधात दुग्धशर्करा जवळजवळ नसते.

हे एकुलते उदाहरण राहिले नाही. २००२ साली मानवी कायनेज विकरांची गणना झाली, तेव्हा ५१८ पैकी सुमारे ५० जणांत क्रियेस आवश्यक मानलेली अमिनो आम्ले आढळली नाहीत. जेनस कायनेज या प्रथिनात तर सक्रिय आणि अक्रिय असे दोन सारखे दिसणारे खंड शेजारी नांदतात. म्हणूनच द्विमुखी रोमन देवाचे नाव त्याला मिळाले. अक्रिय खंड शेजाऱ्याला लगाम घालतो. जेनस कायनेज-२ मधील या खंडात ६१७ व्या स्थानी व्हॅलिनऐवजी फेनिलअ‍ॅलॅनिन आले की लगाम सैल पडतो आणि रक्तातील तांबड्या पेशी बेसुमार वाढू लागतात, हे २००५ साली एकाहून अधिक संशोधकगटांनी दाखविले. पुढे २०११ साली याच 'अक्रिय' खंडात अत्यंत क्षीण अशी कायनेजक्रिया आढळली, आणि अक्रिय कोणाला म्हणावे, हा वाद नव्याने उभा राहिला.