खरजेचा किडा आणि आमची लाज

मी तिसरीत असताना आमच्या घरात खरूज आली. आधी मला, मग धाकट्या भावाला. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ, दिवसा जरा बरं आणि रात्री अंग ओरबाडून काढावं अशी खाज. शाळेत मला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं गेलं. 'यांच्या मोहल्ल्यात घाणच फार' हे वाक्य मी तेव्हा ऐकलं. दादी म्हणायची, रक्त बिघडलंय. ती आम्हाला कडुनिंबाच्या पाण्यानं रोज आंघोळ घालायची. मग ही घाण आली कुठून, या प्रश्नानं मला बरीच वर्षं छळलं.

इस्लामी परंपरेत खाजेचा उल्लेख लाजेनं होत नाही. पुरुषांना रेशीम वर्ज्य आहे, पण जुबैर आणि अब्दुर्रहमान बिन औफ या दोन सहाबींना अंगाला खाज सुटत होती म्हणून प्रेषितांनी रेशमी सदरा घालायची मुभा दिली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत आहे.

खाजेमागचा किडाही मुस्लिम हकिमांनी फार आधी नोंदवला. दहाव्या शतकात अहमद अत्-तबरी यांनी त्याच्याविषयी लिहिलं. बाराव्या शतकात सेव्हिलचे इब्न जुहर (मृत्यू ११६२) यांनी 'अत्-तैसीर' या ग्रंथात लिहिलं की कातडीखाली एक प्राणी सरपटतो, कातडी सोलली की तो बाहेर येतो आणि इतका लहान असतो की जेमतेम दिसतो. पण त्यावर वैद्यकशास्त्र उभं राहिलं नाही. युरोपात काय आणि आपल्याकडे काय, दोष शरीरातल्या रसांचा आणि रक्ताचा, हेच मत टिकलं. दादीचं 'रक्त बिघडलंय' त्याच घराण्यातलं.

१६८७ मध्ये इटलीच्या बोनोमो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या या किड्याचं चित्र प्रसिद्ध केलं. त्यांना दिशा मिळाली ती गरीब बायका आणि लिव्होर्नो बंदरातले गुलाम यांच्याकडून. ही माणसं एकमेकांच्या हातांतून सुईनं किडे काढत. त्या गुलामांत समुद्रावर पकडून आणलेले मुसलमान मोठ्या संख्येनं होते. तरीही डॉक्टर मानेनात. अखेर १८३४ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई इस्पितळात रेनुची या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्यानं सर्वांसमोर सुईनं किडा काढून दाखवला. ही कला त्यानं गावाकडच्या बायकांची पाहिलेली होती.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र दुसऱ्या महायुद्धात मिळालेलं होतं. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांना खरूज झालेल्यांच्या न धुतलेल्या अंथरुणात झोपवलं. लागण क्वचितच झाली. खरूज पसरते ती मुख्यतः अंगाला अंग बराच वेळ लागल्यानं. म्हणजे एका खोलीत, एका गोधडीत चार भावंडं झोपतात तिथं. आमचा दोष घाणीचा नव्हताच. जागा कमी होती, इतकंच.

म्हणून उपाय एकट्याचा चालत नाही. पहिल्या लागणीत खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे धडधाकट दिसणाऱ्यालाही किडा असू शकतो. डॉक्टरांनी दिलेलं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळव्यापर्यंत लावायचं. बेचकं, नखांच्या कडा, बेंबी, जांघा सोडायच्या नाहीत. ते सहसा आठवड्यानं पुन्हा लावावं लागतं. तान्ही बाळं आणि गरोदर बायकांसाठी आधी विचारून घ्यावं. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत घट्ट बांधून ठेवावं, कारण अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसच जगतो. नंतरही काही आठवडे खाज राहते, घाबरू नये. आणि दुकानातून मनानं स्टेरॉइडची ट्यूब आणू नये. तिनं खाज दबते, किडा तसाच राहतो, आणि गजकर्ण असेल तर ते आणखी पसरतं.

मागच्या वर्षी भाचीला खरूज झाली. आम्ही सातही जणांनी एकाच रात्री मलम लावलं. ती विचारत होती, शाळेत सांगू का? मी म्हटलं, सांग. तुझ्या शेजारी बसणारीलाही औषध लागेल.