मागे ऐकू येतंय ना?

शाळेच्या स्नेहसंमेलनात माईक हातात आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "मागे ऐकू येतंय ना?" मागून एकमुखाने "होऽऽ" यायचं आणि मी निर्धास्तपणे पुढे बोलायला लागायचे. चौतीस वर्षं नोकरी केली, पण एक साधी गोष्ट कधी डोक्यात आली नाही. "हो" म्हणणारे सगळे ऐकू येणारेच होते! ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांच्यापर्यंत माझा प्रश्नच पोचला नव्हता.

हे कळायला स्वतःचे कान जावे लागले. आता पंचाहत्तरी उलटली, दोन्ही कानांत यंत्रं आहेत. घरात समोरासमोर बसून बोललं की सगळं कळतं. नाटकाला गेलं की मात्र पंचाईत. लोक हसले की मीही हसते, पण क्षणभर उशिरा. मध्यंतरात नाटकाबद्दल कुणी काही विचारू नये म्हणून लांब जाऊन उभी राहते.

यात यंत्राचा दोष नाही. दोष अंतराचा आहे. यंत्राचा माईक माझ्या कानामागे आणि नट तीस-चाळीस फुटांवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. नटाचं वाक्य माझ्यापर्यंत येतं ते क्षीण होऊन, भिंतींवर आपटून, घुमून. शेजारणीची वेफर्सची पिशवी मात्र अगदी कानाशी. यंत्र बिचारं दोन्ही मोठं करतं.

२०१९ साली मुलाकडे इंग्लंडला गेले होते. तिथे टपाल कचेरीत काउंटरच्या काचेवर एक निळी पाटी दिसली. कानाचं चित्र आणि त्यात इंग्रजी 'टी' अक्षर. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या यंत्राचं बटण दाबून बघ." त्या बटणाला मी हात लावत नसे, कारण ते दाबलं की सगळं गप्प व्हायचं. मला वाटायचं, यंत्र बिघडलं. त्या दिवशी दाबलं, आणि काचेपलीकडच्या मुलीचा आवाज थेट माझ्या डोक्यात उमटला. मागच्या रांगेतली गडबड गायब! बाहेर आल्यावर मी मुलाला म्हटलं, इतकी वर्षं हे माझ्याच कानात होतं?

मग स्वस्थ बसवेना. मी मराठी आणि इतिहास शिकवणारी, विज्ञान शेजारच्या वर्गातलं. पण वाचत गेले, आणि हाही एक इतिहासच निघाला.

मूळ १८३१ मधलं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेची गुंडाळी असेल तर तिच्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने दाखवलं. पुढे टेलिफोन आला. त्याच्या रिसीव्हरमधून थोडं चुंबकीय क्षेत्र बाहेर गळत असे. श्रवणयंत्रात बारीकशी गुंडाळी बसवली तर ही गळतीच पकडता येते आणि आजूबाजूच्या गोंगाटाविना फोन ऐकता येतो. ही गुंडाळी म्हणजे टेलिकॉइल. पाटीवरचा 'टी' तिचाच.

जोसेफ पोलियाकॉफ नावाचे संशोधक १९२४ साली कुटुंबासह रशिया सोडून लंडनला आले होते. (आजचे प्रसिद्ध ब्रिटिश नाटककार स्टीव्हन पोलियाकॉफ त्यांचे नातू.) १९३७ साली त्यांनी लूपचं पेटंट घेतलं. कल्पना अगदी साधी. सभागृहाच्या कडेने तार फिरवायची आणि वक्त्याच्या माईकमधला आवाज विजेच्या रूपाने तिच्यातून सोडायचा. तारेच्या वेटोळ्याच्या आत जो कुणी टेलिकॉइल घेऊन बसेल, त्याला वक्ता जणू कानाशी येऊन बोलतो. मधलं अंतर राहतच नाही. माझं बटण दाबल्यावर सगळं गप्प का व्हायचं तेही कळलं. बाहेरचा माईक बंद करून यंत्र या तारेचा शोध घेत होतं, आणि आपल्याकडे मी गेले तिथे ती तार नव्हती.

पुढे गंमत झाली. टेलिफोनचे रिसीव्हर सुधारले, गळती कमी झाली, आणि ज्यांचं सगळं त्या गळतीवर चाललं होतं ते अडले. शेवटी १९८८ साली अमेरिकेला कायदा करावा लागला की फोन श्रवणयंत्राशी जुळणारेच हवेत. सुधारणा कुणासाठी, हा प्रश्न आधी विचारला नाही की असं होतं.

सभागृहांसाठी एफएम रेडिओ आणि इन्फ्रारेड या पद्धतीही आल्या. इन्फ्रारेड भिंतीपलीकडे जात नाही, त्यामुळे जिथे गुप्तता हवी तिथे ती सोयीची. लूपचा आवाज शेजारच्या खोलीत झिरपू शकतो, इमारतीतलं लोखंड त्याला क्षीण करतं. पण त्या दोन्ही पद्धतींत दारावर जाऊन वेगळा रिसीव्हर मागून घ्यावा लागतो, तो सर्वांदेखत घालावा लागतो, परत करावा लागतो. मला विचाराल तर मी मागणार नाही. लूपमध्ये काही मागावं लागत नाही. आपलं यंत्र, आपला कान, आपलं बटण. कुणाला पत्ताही लागत नाही.

डेव्हिड मायर्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९९९ साली स्कॉटलंडमधल्या आयोना बेटावरच्या जुन्या मठात प्रार्थनेला बसले होते. घुमणाऱ्या आवाजात शब्द कळेना. पत्नीने 'टी'ची पाटी दाखवली, त्यांनी टेलिकॉइल चालू केली आणि सगळं स्पष्ट झालं. ते मिशिगनला परतले ते ध्यास घेऊनच. त्यांच्या प्रयत्नांतून तिथल्या अनेक चर्चमध्ये आणि सभागृहांत लूप बसले. वाचताना मला तो टपाल कचेरीचा काउंटरच आठवला.

आता नवीन येतंय ते ब्लूटूथचं ऑराकास्ट. हे नाव २०२२ मध्ये जाहीर झालं. एक प्रक्षेपक आणि आवाक्यातले हवे तेवढे ऐकणारे, आकाशवाणीसारखं. तार नको, फरशी उखडायला नको. मात्र त्यासाठी नवी यंत्रं हवीत. माझ्यासारख्यांचा जुन्या तारेवरच भरवसा.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे. चित्रपटगृहांत मथळे आणि इतर सोयी असाव्यात, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये काढली. कागद आहेत. म्हणून मी आमच्या इथल्या एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना भेटले, पाटीचं चित्र काढून दाखवलं. गृहस्थ सज्जन. मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आजवर कुणी मागितलंच नाही हो."

मला माझं स्नेहसंमेलन आठवलं. ज्यांना ऐकू येत नाही ते नाटकाला यायचेच बंद होतात. मग मागणार कोण? त्यांना म्हटलं, "आता मी मागतेय ना. लिहून देते." दिलं. उत्तर अजून यायचंय.

असो. घरात कुणाच्या कानामागे यंत्र असेल तर त्यात 'टी' आहे का, एवढं जरूर विचारा. आणि पुढच्या वेळी माईक हातात आला तर "मागे ऐकू येतंय ना" असं विचारू नका. ज्याला येत नाही त्याने हात वर करावा, असं फळ्यावर लिहा.